तीस रुपयांची अंकलिपी: कुणाच्या घरी चालते, कुणाच्या घरी अडते

जून उजाडला की एसटी स्टँडवरच्या गाड्यांवर, आठवडी बाजारात पाट्या-पेन्सिलींच्या ढिगाशेजारी आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एक पातळ, रंगीत, दोन पिनांनी टाचलेलं पुस्तक हमखास दिसतं. किंमत साधारण 15-20 रुपयांपासून 60-70 पर्यंत. जाड पुठ्ठ्याची किंवा लॅमिनेट केलेली अंकलिपी शंभराच्या पुढे जाते. सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, त्यामुळे कित्येक घरांत पैसे मोजून आणलेलं हे पहिलं पुस्तक असतं, आणि बऱ्याचदा शेवटचंही. एखाद्या प्रकाशनाचं नाव घेऊन त्याचं परीक्षण करण्यात अर्थ नाही. बाजारातल्या बहुतेक अंकलिप्या एकमेकींवरून उतरवलेल्या आहेत. गुणही सारखे आणि दोषही सारखे.

आत काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. स्वर, व्यंजनं, प्रत्येकाला एक चित्र आणि एक शब्द, मग बाराखडी, 1 ते 100 अंक, पाढे, वार, महिने, ऋतू, रंग, फळं-भाज्या, अवयव. जुन्या वळणाच्या प्रतींत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा सापडते. शेवटच्या पानांवर राशी, नक्षत्रं, तिथी, शुभंकरोती. पाव आणि दीडचे पाढे म्हणजे आणे-पैच्या हिशेबाचा अवशेष. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली तेव्हाच त्यांचं मुख्य काम संपलं. तरी पानं भरायला ते बरे पडतात, म्हणून छापले जातात.

या पुस्तकातली सगळ्यात हुशार गोष्ट मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चित्र मुलासाठी आहे असं आपण धरून चालतो. शिकलेल्या घरात ते खरंच मुलासाठी, म्हणजे शोभेपुरतं असतं, कारण आईला किंवा आजोबांना अक्षर वाचता येतं आणि मूल चुकलं की ते सांगतात. न शिकलेल्या घरात तेच चित्र पालकाची उत्तरपत्रिका होतं. चौकटीतल्या चित्रावर अंगठा ठेवायचा, मुलाला फक्त अक्षर दाखवायचं, त्याने ‘क’ म्हटलं की अंगठा उचलायचा. खाली कमळ दिसलं की बरोबर. पालकाला एकही अक्षर येत नसलं तरी तपासणी होते. तीस रुपयांत असं दुसरं साधन मिळत नाही.

हे चालायला दोनच अटी आहेत. चित्र काय आहे ते घरातल्या माणसाला बघताक्षणी कळलं पाहिजे, आणि त्याला घरात जो शब्द आहे तो त्याच अक्षराने सुरू झाला पाहिजे. बहुतेक अंकलिप्या अडतात त्या इथेच.

‘ए एडक्याचा’ घ्या. छोट्या, अंधुक छपाईच्या चित्राकडे बघून मूल मेंढा म्हणेल, बोकड म्हणेल, शेळी म्हणेल. एडका म्हणणारं घर विरळाच. ‘ई ईडलिंबाचा’ हे फळ महाराष्ट्रातल्या बहुतेक पालकांनी अंकलिपीबाहेर पाहिलेलं नसतं. ढगाचं चित्र पाहून गावाकडचं मूल ‘आभाळ’ म्हणतं, कारण घरात ‘आभाळ आलंय’ असंच म्हणतात. मग ‘ढ’च्या जागी ‘आ’ बसतो. ‘ऋ ऋषीचा’ हे चित्र तर खात्रीने म्हातारा, बाबा किंवा साधू. ऐरण, अंबारी, दौत, खलबत्ता, औत, उखळ या वस्तू एका काळाच्या आहेत. औत आणि उखळ शहरातल्या फ्लॅटमध्ये कळत नाहीत. ऐरण लोहाराच्या घराबाहेर कुठेच नाही. म्हणजे चित्रं निव्वळ शहरी किंवा निव्वळ ग्रामीण आहेत असा दोष नाही. ती कुणा एकाच्याही घरची उरलेली नाहीत. फरक एवढाच की शिकलेल्या घरी कुणीतरी ‘अरे, पूर्वी यात लिहायची शाई ठेवायचे’ असं सांगणारं असतं, आणि ते सांगणं हा मुलाचा फायदाच ठरतो. दुसऱ्या घरी तेच चित्र तपासणीची दोरी तोडतं.

आता काही चौकटी ओळीने वाचून पाहा: ग गणपतीचा, ध धनुष्याचा, भ भटजीचा, य यज्ञाचा, र रथाचा, ऋ ऋषीचा, क्ष क्षत्रियाचा, ज्ञ ज्ञानेश्वरांचा. सगळे एका पुस्तकात असतीलच असं नाही, पण निम्मे तरी सापडतात. हे पुस्तक कोणतं घर डोळ्यांसमोर ठेवून बनलं ते सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही. या यादीवर सामाजिक आक्षेप जुना आहे आणि तो बरोबरच आहे. त्याखाली एक साधा तांत्रिक दोषही आहे: यज्ञाचं चित्र म्हणजे ज्वाळा. मूल म्हणतं जाळ, शेकोटी, चूल, आणि ‘य’ हवेत राहतो.

बदल करणं मुळीच अवघड नाही. भ भजीचा. ए एकाचा, चित्रात एक बोट. ऐ म्हणजे ‘ऐक’, कानाला हात लावलेलं मूल. ई ईदचा. औ औषधाचा, आणि त्याच शब्दात ष आणि ध फुकट मिळतात. ‘य’ने सुरू होणारा, चित्र काढता येईल असा रोजचा शब्द मराठीत जवळजवळ नाही, तर मग ‘पाय’ आणि ‘गाय’ घ्यावेत. ण आणि ळ यांना शेवटी येणारे शब्द चालतात, मग ‘य’लाच काय हरकत आहे? क्ष साठी क्षत्रिय कशाला शोधायचा, दारासमोरून रिक्षा जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात ‘फ फणसाचा’पेक्षा ‘फ फडाचा’ शंभर पटींनी पक्का बसतो. फणस कोकणचा, बीडच्या तांड्यावरच्या मुलाने तो पाहिलेला असेलच कशावरून?

‘ळ’चं प्रकरण जरा सविस्तर बघायला हवं, कारण शाळेत शुद्धलेखनाच्या नावाखाली सगळ्यात जास्त लाल शाई इथे सांडते. अंकलिपीत ‘ळ बाळाचा’ किंवा ‘ळ नळाचा’ असतं. वऱ्हाडीत आणि अहिराणीत या ळ चा य होतो: डोळ्याचा डोया, केळीची केयी. आगरी-कोळी बोलीत तो ल होतो: डोला. ण च्या जागी न तर राज्यभर ऐकू येतो. हे मूल ‘डोया’ लिहितं तेव्हा ते ऐकण्यात चुकलेलं नसतं. जे घरात ऐकलं ते त्याने अगदी तंतोतंत लिहिलं, म्हणजे ध्वनी आणि अक्षर यांची जोडी त्याला जमली. त्याला गाढव म्हणून हिणवलं की ते एवढंच शिकतं की ऐकलेलं लिहायचं नसतं, आणि लिहिणंच थांबवतं. पुण्या-मुंबईच्या लेखी मराठीच्या जवळची बोली ज्या घरात आहे, त्या मुलाला ही पायरी आयती ओलांडलेली मिळते. ते हुशार असतं म्हणून नव्हे.

इलाज वहीत दोन रकाने आखण्याचा. डावीकडे ‘घरी म्हणतो’, उजवीकडे ‘पुस्तकात छापतात’. डोया – डोळा, केयी – केळी, पानी – पाणी. दहा-बारा जोड्या झाल्या की मुलाला नियम आपोआप दिसतो, आणि कुठलाच रकाना खोडायचा नसतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक डॉ. मॅक्सिन बर्नसन यांची पीएच.डी. फलटणच्या बोलीतल्या भेदांवरच होती. समाजाचे थर आणि भाषेतले फरक यांचा अभ्यास करून वाचन शिकवण्याकडे वळलेलं माणूस आपल्याला लाभलं, तरी बाजारातल्या अंकलिपीला त्या अभ्यासाचा वाराही लागला नाही.

घरची भाषा मराठीची बोली नसून वेगळीच भाषा असेल, तर अडचण पुढच्या पायरीची होते. मेळघाटातलं कोरकू मूल घराच्या चित्राला ‘उरा’ म्हणतं. म्हणजे ‘घ’च्या चौकटीत त्याला ‘उ’ ऐकू येतो. गोंडीत घर ‘रोन’, तिथे ‘र’. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविडी. ओढूनताणून त्यांना मराठीची बोली म्हणता येत नाही. 2011 च्या जनगणनेत कोरकू सांगणारे देशात सव्वासात लाखांच्या घरात होते. बंजारा तांड्यावरची गोरमाटी जनगणनेत हिंदीच्या खात्यात टाकली जाते, त्यामुळे ती सरकारी आकड्यांत वेगळी भाषा म्हणून दिसत नाही. तिथे ‘आ आईचा’ म्हटलं की मूल चित्राकडे बघून ‘याडी’ म्हणतं. अशा मुलाला अंकलिपी एका चौकटीत दोन कामं देते: मराठी शब्द शिक, आणि त्यातून अक्षर शिक. मराठी घरातल्या मुलाला यातलं फक्त दुसरं काम असतं. वर्षाअखेरीला दोघांची परीक्षा एकच. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतं. ते ‘शक्य तिथवर’ किती ताणायचं हे ज्याचं त्याने ठरवलं आहे.

चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ असं विचारणं हीसुद्धा प्रत्येक घराची रीत नाही. उत्तर आपल्याला माहीत असताना प्रश्न विचारणं हा मुळात शाळेचा रिवाज. भाषेच्या अभ्यासक शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेत कॅरोलायनाच्या डोंगरपायथ्याच्या भागातल्या कामगार वस्त्यांत वर्षानुवर्षं वावरून नोंदलं होतं की काही वस्त्यांत मोठी माणसं मुलांना असे प्रश्न विचारतच नाहीत. मुलं गोष्टी रंगवून सांगण्यात तरबेज असतात, पण शाळेत बाई ‘हा रंग कोणता?’ विचारतात तेव्हा गप्प बसतात. त्यांचा हा अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या अंगणवाडीतही ‘बोलतच नाही’ असा शेरा मिळालेली मुलं घरी शेळ्यांच्या नावानिशी सगळा हिशेब सांगतात. अंकलिपी उघडल्यावर पहिले काही दिवस ‘काय आहे?’ न विचारता ‘हे आपल्याकडे कुठं असतं?’, ‘याचं काय करतात?’ असं विचारावं. जीभ मोकळी झाली की अक्षराकडे वळता येतं.

आता क्रम. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानावर बेतलेला आहे, कंठापासून ओठांपर्यंत. शास्त्र म्हणून तो देखणा आहे, पण वाचायला शिकण्यासाठी निरुपयोगी. क ख ग घ ङ शिकून एकही कामाचा शब्द तयार होत नाही. म्हणून वळणाच्या साम्यावर आधारलेला ‘ग म भ न’ आला. लिहायला तो सोपा. पण त्यातून शब्द कोणते होतात ते बघा: नभ, गगन, गमन. ही भाषा पुन्हा पोथीची. बोलण्यातले हाती लागतात ते ‘मन’, ‘मग’ आणि दुकानातला ‘नग’. काही अंकलिप्यांत शेवटी ‘वाचा पाहू’ म्हणून असे शब्द दिलेले असतात, आणि मूल ‘गमन’ अचूक वाचून कोरड्या चेहऱ्याने बघत राहतं, कारण अर्थाचा दिवा लागतच नाही.

क, म, ल, आ आणि काना (ा) एवढी पाच चिन्हं घ्या. काका, मामा, मला, काम, काल, आला, मका, माल, कमाल. आणि पहिल्याच आठवड्यात पूर्ण वाक्य: काल मामा आला. पुढच्या टप्प्यात ब, र आणि दुसरी वेलांटी (ी). मग बाबा, बरा, आली, काकी, बकरी, बारी. प्रत्येक टप्प्याला फार तर पाच-सहा चिन्हं, आणि नवं चिन्ह आलं की जुन्या चिन्हांसोबत त्याचे निदान आठ शब्द. अंकलिपी फाडून तिची कार्डं करता आली तर हा क्रम घरी लावता येतो. पिना सैल करून पानं मोकळी करा, चौकटी कापा, जाड कागदावर डिंकाने चिकटवा. मात्र पानाच्या दोन्ही बाजूंना अक्षरं छापलेली असतात, त्यामुळे दोन प्रती लागतात. स्वस्तातली प्रत घ्यायचं हे एक चांगलं कारण आहे.

बाराखडीचं पान दिसायला सगळ्यात भरगच्च आणि शिकवायला सगळ्यात फसवं. 34 व्यंजनं गुणिले 12, म्हणजे 408 चौकटी. मूल ‘क का कि की’ सुरात म्हणतं, बोट एका ओळीवर आणि आवाज दुसरीवर. मधलाच ‘मु’ दाखवला की ते ‘म मा मि मी मु’ अशी पहिल्यापासून गाडी आणतं. याचा अर्थ गाणं पाठ झालं आहे, खूण कळलेली नाही. ‘ङ’ आणि ‘ञ’च्या ओळी तर छापल्यात म्हणून आहेत, त्यांतली एकही चौकट मुलाला आयुष्यात लागत नाही. पहिली वेलांटी वेगळीच अडचण करते: ती उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी. मूल डावीकडून वाचतं तेव्हा आधी रिकामी दांडी भेटते, म्हणून ‘मिरची’ला अडखळणं स्वाभाविक आहे. म्हणून कामाला एक व्यंजन बारा रूपांत घेण्यापेक्षा एक खूण दहा व्यंजनांत घ्यावी: का, मा, ला, बा, रा, पा, ना. दोन-तीन आठवड्यांत काना पक्का झाला की दुसरी वेलांटी, मग मात्रा, मग उकार. पहिली वेलांटी शेवटी.

अ‍ॅ आणि ऑ आहेत का ते जरूर पाहा. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत अधिकृतपणे आले, म्हणून बाराखडीची चौदाखडी झाली. अजूनही बाजारातल्या बऱ्याच प्रतींत ते नाहीत. बॅट, बॅटरी, डॉक्टर, ऑटो, टॉवेल हे कष्टकऱ्यांच्या वस्तीतलेही रोजचे शब्द आहेत. यज्ञ आहे आणि बॅटरी नाही, अशी अंकलिपी आज कुणी का घ्यावी? 10 नोव्हेंबर 2022 च्या निर्णयात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठी वळणाची रूपं ठरली. स्वस्त लॅमिनेट तक्ते अनेकदा हिंदी तक्त्यांवरून उतरवलेले असतात, त्यात हिंदी वळणाचे ल आणि श येतात. शाळेत फळ्यावर एक रूप, घरच्या भिंतीवर दुसरं. शिकलेलं घर ‘दोन्ही एकच’ म्हणून सोडून देतं. बाकीच्यांना ते कळायला मार्ग नाही. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, ट-ठ-ढ या जोड्या छपाई बारीक असली की एकसारख्याच दिसतात. अक्षराची उंची निदान दोन सेंटिमीटर हवी आणि गाठी भरलेल्या नकोत.

अंकांची पानं. मराठीत 21 ते 99 मध्ये एकक आधी उच्चारतात आणि लिहितात मात्र दशक आधी. ‘एकोणसाठ’ ऐकून मूल 6 लिहून मोकळं होतं, कारण कानावर ‘साठ’ पडलेलं असतं. सोलापुरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरांत हे आणखी उलटं पडतं. कन्नडमधला ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस-एक. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्या सोप्या जाव्यात म्हणून ते सुचवलं होतं, आणि जुनी नावं काढून टाकलेली नव्हती. खिल्ली उडवणाऱ्यांत अर्थात ज्यांच्या घरात त्रेसष्ट आणि सदुसष्ट लहानपणापासून कानावर पडले तेच पुढे होते. अंकलिपी घेताना अंकाशेजारी अक्षरी नाव आहे ना, एवढं पाहावं, आणि त्याखाली पेन्सिलीने ‘वीस एक’ लिहावं.

पाढ्यांची पानं मात्र चांगली. ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा’ ही भाषा कुणाच्याच घरची नाही, त्यामुळे इथे सगळी मुलं एका रेषेवर असतात. उलट बाजारात बसणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या आजीला दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ असण्याची शक्यता तिच्या शिकलेल्या नातवापेक्षा जास्त. या पानावर तिला शिक्षिका करता येतं, आणि ते करावंच.

दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत करायची तपासणी अशी. मूल सोबत असू द्या. मधूनच वीस चित्रं दाखवा, शब्द झाका, मुलाला स्वतःहून नाव घेऊ द्या. छापलेल्या अक्षराने सुरू होणारी किती निघाली ते मोजा. पंधराच्या वर असतील तर प्रत चांगली, दहाच्या खाली असतील तर ठेवून द्या. मधली असेल तर दुरुस्तीला घेण्यासारखी. मग पान कलतं करून पाहा. फार चकचकीत कागदावर बल्बच्या उजेडात अक्षर दिसत नाही आणि पेन्सिलही चालत नाही. पिना पाठीवर आहेत की कडेला ठोकल्यात तेही बघा. कडेला असतील तर पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतल्या बाजूच्या चौकटी अर्ध्या गिळल्या जातात. ‘दहा पुस्तकं एकात’ असं लिहिलेली जाड प्रत घेऊ नका. त्यात चित्र नखाएवढं होतं आणि अंगठ्याची युक्ती चालत नाही.

दुरुस्तीचा खर्च दहा रुपयांच्या आत. साध्या कागदाचे चौकटीच्या मापाचे तुकडे कापा. न जमणाऱ्या चित्रावर तो तुकडा चिकटवून त्यावर घरातल्या शब्दाचं चित्र मुलाला काढू द्या. चित्र वेडंवाकडं असलं तरी घरात ते कुणाचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तपासणीला तेच उत्तम. शब्द लिहायला शाळेतल्या बाईंची किंवा वरच्या वर्गातल्या ताईची मदत घ्यावी. शब्द त्याच अक्षराने सुरू व्हायला हवा, काना-मात्रा लागलेला नको: ‘क’साठी कप चालेल, काठी नको. घरची भाषा कोरकू, गोंडी, गोरमाटी असेल तर चौकटीत दोन शब्द ठेवा: वर घरचा, खाली मराठी. आणि अक्षर घरच्या शब्दावरून बसवा. उराच्या चित्रावर ‘उ’. घ नंतर भेटेल, घड्याळाकडे बघून.

अंगठ्याची युक्ती वापरताना एक काळजी घ्यायची. ओळीने विचारलं की मूल अक्षर न बघता मागचं आठवून पुढचं सांगतं. म्हणून खालून वर किंवा तिरपं जावं. रोज दहा अक्षरं, दहा मिनिटं, त्यात निम्मी जुनी. कमळ डोळ्यांसमोर नसताना क ओळखू येतो का, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, रेशन कार्डावर, लग्नपत्रिकेवर शोधायला लावून कळतं. पुस्तकं नसलेल्या घरातही एवढं छापील असतंच. बिस्किटांच्या पुड्यावर मराठी क्वचित सापडतं, त्यामुळे त्याच्या नादी लागू नये.

अक्षरं बसल्यावर मात्र अंकलिपी बाजूला ठेवायची. तिच्यात वाचायला काहीच नसतं. एक सलग वाक्यसुद्धा नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथल्या पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी 250 शब्दांच्या आतल्या असतात, फुकट उतरवून घेता येतात आणि छापायलाही मोकळीक आहे. कोरकूत आणि गोंडीतही पुस्तकं आहेत. भाषांतरं अनेक हातांची असल्याने सगळी सारखी उतरलेली नाहीत, म्हणून छापण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून पाहावं. गावात रंगीत झेरॉक्स महाग पडते. काळी-पांढरी काढून चित्रं मुलांनाच रंगवू द्यावीत.

बाकी खरेदीचं म्हणाल तर वीस ते तीस रुपयांची, पाठीवर पिना असलेली, एका पानावर सहाच चौकटींची, अ‍ॅ-ऑ असलेली प्रत घ्यावी, आणि एकदम तीन घ्याव्यात: दोन कापायला, एक अंगठा ठेवायला. शंभरची पुसता येणारी पाटी-अंकलिपी शिकलेल्या घरात खेळणं म्हणून ठीक. तिच्यावर कागद चिकटत नाही, म्हणजे ती दुरुस्त होत नाही.